मिरगातली जमा

सावंतवाडीकडून गोव्याच्या हद्दीकडे जाताना जी खोलगट भातशेती लागते, तिथल्या एका वाडीतली ही गोष्ट. वाडीचं नाव सांगत नाही. त्या काळात असं काही एकाच वाडीत घडलं नव्हतं.

आबांना हिशोबाची खोड होती. उशाशी लाल पुठ्ठ्याची वही, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च. सुपारी विकली की डावीकडे, नांगराचा फाळ बदलला की उजवीकडे. १९८२च्या मिरगात डाव्या पानावर एक नवीच नोंद आली : बेडूक.

व्यापाऱ्याचा माणूस टेम्पोत बर्फाच्या पेट्या घेऊन आला होता. पहिला मोठा पाऊस पडला की कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, मोठे बेडूक उतरतात. एरवी शेवाळी रंगाचा नर त्या दोन-चार रात्री हळदीसारखा पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढून ओरडतो आणि इतका नादावलेला असतो की गॅसबत्ती तोंडावर धरली तरी जागचा हलत नाही. आबांच्या थोरल्या मुलाने पहिल्याच रात्री दोन गोणपाटं भरली. मागच्या तंगड्या तेवढ्या कापून बर्फात, बाकीचं शेणखतात. त्या तंगड्या बंदरांतून थेट युरोप-अमेरिकेच्या ताटांत जायच्या, वर्षाला हजारो टन. थोरल्याला एवढंच कळलं की चार दिवसांची मजुरी एका रात्रीत सुटली.

"अंडी घालूक येतत रे ती," आई चुलीपुढून म्हणाली. तिच्या म्हणण्यासाठी वहीत रकाना नव्हता.

आणखी तीन मिरग तसेच गेले. जमेचा आकडा मात्र दर वर्षी उतरत गेला, आणि उजवं पान भरू लागलं.

आधी बांध फुटायला लागले. संध्याकाळी तुंबवलेलं पाणी सकाळी खालच्या कुणग्यात गेलेलं. एके दिवशी आबांनी बांधातल्या भोकात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला आणि बोटाला खेकडा लटकवूनच बाहेर आला. नुकता लावलेला तरवा बुंध्याशी कोयतीने छाटावा तसा कापून पाण्यावर तरंगत होता.

"एवढे कुर्ले खंयसून इले?" थोरल्याने विचारलं.

"खंयसून इले, ता नको विचारू," आबा बोट चोखत म्हणाले. "आदी तेंका खाय कोण, ता विचार."

हा बेडूक अधाशी. तोंडात मावेल ते गिळतो : कुर्ल्यांची पिल्लं, भुंगे, अळ्या, उंदराची पिल्लं, वेळ पडली तर आपलाच धाकटा भाऊबंद. आणि त्याच्यावर जगायला धामण, दिवड, बगळा टपलेले. तो गेला तसं खालचं माजलं आणि वरचं उपाशी पडून निघून गेलं. धामणी बांधावर दिसेनाशा झाल्या, उंदरांनी पेंढ्याच्या उडवीत बिऱ्हाड केलं. खोडकिड्याने पळींज आणली. कणसं पांढरी, उभी, पोकळ. मग आबांनी बीएचसी पावडर धुरळली. त्या पावडरीने किडीबरोबर कोळी मेले, चतुर मेले आणि कुणग्यातल्या पाण्यात जी काही शेपटीवाली पिल्लं उरली होती तीही मेली. पुढच्या वर्षी पावडर दुप्पट लागली.

सगळं खापर बेडूकधरीवर फोडणं खरं नाही, हेही सांगायला हवं. त्याच सुमारास 'जया' भात आलं होतं, युरिया आला होता, आणि लुसलुशीत हिरव्या भातावर कीड जास्तच तुटून पडते. पण नव्या बियाण्याबरोबर कीड येणार होती, तर राखण दुप्पट हवी. आपण नेमका त्याच वेळी राखणदार किलोवर विकला.

१९८७मध्ये सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. टेम्पो यायचा थांबला. थोरल्याला वाटलं, आता होईल सगळं पूर्वीसारखं. त्या मिरगात तो रात्रभर पडवीत बसून राहिला; नुसताच पाऊस. पुढच्या मिरगातही तेच. नळ बंद केला म्हणून रिकामी विहीर भरत नाही.

वाडीच्या वर देवराईत एक तळी आहे. राखणदाराची जागा, तिथे रात्री बत्ती घेऊन जायची कोणाची छाती नव्हती. थोरला आणि त्याचे दोस्त या भीतीला हसायचे, पण जात नव्हते. काही वर्षांनी एका मिरगात वरच्या कुणग्यातून, तळीचा पऱ्ह्या जिथे उतरतो तिथून, एक आवाज आला. मग दुसरा. आबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी वही मागवली, पेन्सिल डाव्या पानावर टेकवली, बराच वेळ तशीच धरली आणि काही न लिहिता वही मिटली.

वही आता थोरल्याकडे आहे. तोही म्हातारा झाला. हा बेडूक पकडणं, मारणं, विकणं कायद्याने गुन्हा आहे, तरी गोव्यातल्या ताटांसाठी पहिल्या पावसात पोरं पोती घेऊन फिरतातच. म्हणून मिरगाचे पहिले आठ दिवस तो खोळ पांघरून बांधावर बसतो. जागरणाचा खर्च उजव्या पानावर लिहितो : चहापूड, बॅटरीचे सेल.