न मांडलेली मागणी



अंदाजपत्रक हा शब्द कानी पडला की आपण सहसा पान उलटतो. आकडे जाणकारांनी पाहावेत, आपण भाषणे ऐकावीत, अशी आपली रीत. तथापि एखाद्या समाजाला कोणाची किती काळजी आहे हे जाणायचे असेल, तर त्याचे अंदाजपत्रकच वाचावे. म्हणून अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जोसेफीन काउंटीची हकीकत आज आपणापुढे ठेवीत आहे.

काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. तुरुंग, शेरीफचे पोलीसदल, रस्ते, सार्वजनिक आरोग्य ही तिची कामे. ऑरेगनच्या कायद्याप्रमाणे अंदाजपत्रक समितीत जितके निवडून आलेले आयुक्त, तितकेच सामान्य मतदारही बसतात. सभा खुली असते. प्रत्येक खाते आपली मागणी मांडते, नागरिकांना बोलण्याची संधी मिळते आणि ३० जूनपर्यंत हिशेब मंजूर होऊन १ जुलैला नवे वर्ष सुरू होते. यात दोष काढावा असे काही दिसत नाही. मात्र बराचसा पैसा आधीच बांधलेला असतो. रस्त्यांचा निधी रस्त्यांवरच खर्चावा लागतो. ज्या कामासाठी अनुदान आले त्याच कामी ते लावावे लागते. मोकळा पैसा थोडा उरतो आणि सारी ओढाताण त्या थोड्यासाठी होते.

जोसेफीन काउंटीची निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारची. तिच्यावर मालमत्ता कर बसत नाही. त्याऐवजी १९३७च्या एका कायद्याने तेथील लाकूडविक्रीचा वाटा काउंटीला मिळू लागला. जंगल पोसत होते, म्हणून लोकांवरचा कर अल्प राहिला : मूल्यांकित किमतीच्या दर हजार डॉलरमागे सुमारे ५९ सेंट. पुढे १९९० साली ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, १९९४च्या वनयोजनेने तोड आणखी कमी झाली आणि उत्पन्न घटले. २००० सालच्या कायद्याने केंद्राने काही वर्षे भरपाई दिली. २०१२च्या सुमारास तोही झरा आटला. दरम्यान १९९७ साली राज्यघटनेतील दुरुस्तीने कराचा कायम दर गोठवला गेला होता. अधिक रक्कम हवी तर मतदारांनाच विचारावे लागे. २०१२ पासून २०१५ पर्यंत चारही वर्षे पोलीस व तुरुंग यांसाठीच्या जादा कराला मतदारांनी नकार दिला.

परिणाम त्वरित दिसला. २०१२ साली शेरीफचे बहुतेक शिपाई कमी झाले, तुरुंगातून कैदी सोडावे लागले, शनिवार-रविवारी मदतीला जाण्यास कोणी उरले नाही. ज्यांना घरातल्या वा ओळखीच्या माणसाकडून मारहाणीचे भय आहे, त्यांनी पुरेसे पोलीस असलेल्या ठिकाणी राहायला जाण्याचा विचार करावा, अशी सूचना खुद्द शेरीफने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सुटीच्या एका दिवशी, दाराशी आलेल्या माणसाच्या भीतीने एका स्त्रीने मदतीसाठी दूरध्वनी केला. पाठवायला कोणी नाही, असे उत्तर तिला मिळाले. दार मोडले गेले आणि तिच्यावर अत्याचार झाला.

वाचकहो, दोष कोणाचा? मतदार निर्दय होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लाकडाच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. कित्येक जण निवृत्तीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगत होते. सरकार पैसा नीट वापरील, हा विश्वासही अनेकांना उरला नव्हता. समितीनेही आहे तेवढेच वाटले. प्रत्येकाने आपल्या परीने हिशेब केला. तरी त्या हिशेबात एक माणूस राहून गेले.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. तराजूत पडते ते मांडलेल्या मागणीचे वजन. रस्ते खात्याला अभियंता असतो, तुरुंगाला अधिकारी असतो, करदात्याला मत असते. त्या स्त्रीचे खाते कोणते? मे महिन्यात मतपत्रिका भरल्या जात होत्या, तेव्हा पुढे आपल्याला मदत लागेल हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. ज्याची गरज अजून उद्भवलेली नाही, त्याच्या वतीने सभेत कोणी बोलावे?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग आपणांस परिचित आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले गेले नाही. सात जण निवडून वाटप त्यांच्या हाती सोपवले गेले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या ताटात कमी पडत होते, त्यांची भाषा जाणणारी माणसे वाटायला बसली.

याच काउंटीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. २००७ साली पैशाअभावी तिची चारही ग्रंथालये बंद झाली. स्वयंसेवकांनी देणग्या जमवून २००८ पासून ती एकेक करून उघडली आणि वर्षानुवर्षे चालवली. अखेर २०१७ साली मतदारांनीच ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर मंजूर केला. डोळ्यांपुढे काम दिसले, शेजाऱ्याचा चेहरा दिसला, तेव्हा नकाराचा होकार झाला. यावरून लोकांची मने कठोर नव्हती हे कळते. पण आणखीही एक कळते. ग्रंथालय दहा वर्षे थांबू शकले. ती स्त्री एक तासही थांबू शकत नव्हती. काही गरजा दातृत्व जागे होईपर्यंत तग धरतात. काहींची तरतूद आधीच, चेहरा दिसण्यापूर्वी, करून ठेवावी लागते. पहिलीला आपण दया म्हणतो. दुसरीला न्याय म्हणावे लागेल.

तुटपुंज्या पैशात कोणाला तरी नकार द्यावाच लागतो, आणि नकार देणे हे पाप नव्हे. परंतु तो कोणाच्या दारी जाऊन पोहोचेल हे न पाहता दिलेला नकार निर्दोष म्हणता येणार नाही. आपणही कोठे ना कोठे वाटप करायला बसतो : मंडळीच्या कमिटीत, संस्थेत, घरच्या महिन्याच्या हिशेबात. पुढच्या वेळी मागण्यांची यादी समोर येईल तेव्हा, वाचक बंधुभगिनींनो, सही करण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि यादीत कोण नाही ते विचारा.