पाटी आधी मांडीवर येते

आधी तो मोबाईल खाली ठेव. तुझा कालचा व्हिडिओ मी चारदा पाहिलाय. 40 किलोचा क्लीन म्हणून सगळ्यांना पाठवलास, मैत्रिणींनी बदाम टाकले, तू खूश. बार खांद्यावर आला हे खरं, पण ज्या तऱ्हेनं आला ते बघवत नव्हतं. म्हणून पहाटे पाचला मंडईत आलेय. जे बोलायचंय ते तुझ्या आईसमोर बोलणार आहे. वाईट वाटलं तर वाटू दे.

जमिनीवरून बार सुटायच्या आतच तुझे कोपर वाकले. गुडघ्याशी येईतो बार अंगापासून वीतभर लांब गेला. तिथून पुढे कमरेचा आणि मांड्यांचा जोर लागायला हवा, तो लागलाच नाही. विहिरीतून बादली ओढावी तशी दंडांनी ओढत राहिलीस. शेवटी पाय फाकवले, कंबर मागे मोडली आणि बार कसाबसा गळ्याशी घेतलास. कोपर खाली, सगळा भार मनगटांवर. याला क्लीन म्हणायचं? ओझं कसं उचलतात हेसुद्धा तुला माहीत नाही, आणि तू जन्मलीस मंडईत!

ती बघ तुझी आई. टेम्पोतून उतरलेली वांग्यांची पाटी गाळ्यावर न्यायचीय, पंचवीसेक किलो तरी असेल. हात लावायला आज कुणी नाही. नीट बघ, मी बोलते तिकडे लक्ष नको. पाय रोवले. काठ धरले. पाठ ताठ, हात सरळ. पाटी आधी मांडीवर घेतली, पोटाला अगदी चिकटून. आता गुडघे जरा वाकले, टाचा उचलल्या, मांड्यांचा एकच हिसका, आणि पाटी हवेत हलकी झाली त्याच क्षणी चुंबळीसकट डोकं तिच्याखाली गेलं. पाटी तिनं डोक्याच्या वर नेलीच नाही. छातीच्या वर नेली आणि स्वतः खाली शिरली. 1886 साली ही दगडी इमारत उभी राहिली तेव्हापासून इथं पाट्या उचलल्या जातायत, आणि त्या बायकांना कुणी कोच नव्हता.

क्लीनमध्ये वेगळं काय आहे? गुडघ्यापर्यंत बार शांतपणे आणायचा, पायांनी जमीन ढकलत. मांडीशी आला की घोटा, गुडघा आणि कंबर तिन्ही एकदम सरळ. हात तोवर दोरीसारखे, नुसते धरून ठेवायला. बार हलका होतो तो क्षण पापणी लवण्याइतका. तेवढ्यात तू खाली गेलेली असायला हवीस, कोपर पुढे, बार खांद्यांवर टेकलेला. तू मात्र बार वर यायची वाट बघत उभी राहतेस.

आणि हे तुला कशासाठी हवं होतं, आठवतंय? जूनमध्ये माझ्याकडे आलीस तेव्हा म्हणालीस, ‘बाई, खो मिळाल्यावर माझं पहिलं पाऊल उशिरा पडतं.’ चौकोनात बसलेली मुलगी खो मिळताच कशावर उठते? याच तीन सांध्यांवर, तसेच एकदम. ताकद तुझ्यात आहे, ती वेळेवर येत नाही एवढंच दुखणं आहे. त्यावर औषध म्हणून बार हातात दिला, तर 40 किलो हळूहळू ओढून तू मांड्यांना हळू राहायचीच सवय लावतेयस. तू खेळतेस कुठे याचं तरी भान ठेव. खो-खोचे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या आपल्या मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे पुण्यातच घडली.

हर्षदा गरुडचं नाव तर तुझ्या तोंडी सारखं असतं. वडगाव मावळची मुलगी, लोकलनं जाऊन येता येईल एवढ्या अंतरावरची. मे 2022 मध्ये ग्रीसमध्ये ज्युनियर जागतिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय. 45 किलोचा गट, स्नॅच 70, क्लीन अँड जर्क 83. तेवढ्याशा अंगानं 70 किलो एका झेपेत डोक्यावर नेणं हे दंडाचं काम आहे असं तुला वाटतं? आणि काल तू मला संकेत सरगरचं उदाहरण दिलंस, कोपर दुखावलं तरी तो पुन्हा उभा राहिला म्हणून. राहिला. बर्मिंगहॅममध्ये 139 उचलताना कोपर गेलं, एकूण 248 वर थांबला, सुवर्ण 1 किलोनं हुकलं. त्यामागे सांगलीतली त्याची वर्षानुवर्षांची मेहनत होती, समोर राष्ट्रकुलाचं पदक होतं. तुझ्यासमोर काल मोबाईल होता.

माझी एक चूक सांगते, कधी कुणाला सांगितली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी होती, तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच चपळ. स्पर्धा तोंडावर आली होती. तिचे कोपर वर येत नाहीत हे मला दिसत होतं, तरी वजन वाढवू दिलं. उजवं मनगट गेलं ते गेलंच. अजून ती इथं भाजी घ्यायला येते, पिशवी डाव्या हातात असते. माझी नजर आधी त्या हाताकडे जाते. ते मी पुन्हा होऊ देणार नाही, तू कितीही रुसलीस तरी.

शुक्रवार पेठेत चिंचेची तालीम आहे. तिथं काय, कुठल्याही तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. हौदा खणायला लावतात, जोर-बैठका काढायला लावतात. तुला पण तेच. उद्यापासून काठी. काठीनं हात सरळ राहिले की रिकामा बार, बायकांचा 15 किलोचा. अंगठा बोटांखाली दाबून धरायचा. पहिले काही दिवस दुखेल, त्याबद्दल तक्रार नको. एका वेळी तीनच उचली; वेग पडला की बार खाली, मोजणी संपली. रोज फ्रंट स्क्वॉट, कोपर वर ठेवून. घोटे आखडलेत तुझे, म्हणून तळाशी टाचा उचलतेस. घरी भिंतीशी उभं राहून ताणायचे. व्हिडिओ काढायचाच असेल तर बाजूनं काढ, बार अंगापासून किती लांब जातो ते समोरून कळत नाही. आणि तो फक्त मला दाखवायचा. वजन मी सांगेन तेव्हाच वाढेल.

रडू नकोस. मला तुझी किंमत नसती तर आज झोपून राहिले असते.

दुसरी पाटी खाली आलीय. आईला बसू दे जरा, ती तू उचल. थांब, अशी नाही. हात सरळ. ठेव, परत ठेव खाली. आधी मांडीवर.