त्या दोन आकड्यांबद्दल

चि. चिऊस,

तू पाठवलेले दोन्ही नकाशे पाहिले. उपग्रह तोच, वादळ तेच, वेळही तीच. तरी रडारचा पाऊस एक आणि मायक्रोवेव्ह रेडिओमीटरचा भलताच. ‘मामा, यातलं खोटं कोण?’ असं तू विचारतेस. खोटं कुणीच नाही. पण पाऊस दोघांपैकी एकानेही मोजलेला नाही, हे आधी डोक्यात घे.

रडारचं काम सरळ वाटतं. लहर सोडायची, थेंबांवरून परत आलेली टिपायची. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानच्या तानेगाशिमाहून सुटलेल्या ‘ट्रिम’ उपग्रहावर असं पाऊस पाहणारं पहिलं रडार होतं. २०१४ पासून ‘जीपीएम’ उपग्रहावर दोन वारंवारतांचं आहे. २८ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातात असताना ट्रिमच्या रडारने डोळ्याभोवतीच्या भिंतीत सोळा किलोमीटरपर्यंत चढलेले पावसाचे मनोरे दाखवले. पावसाची अशी थरवार उंची रडारच देऊ जाणे. मात्र एक गोम आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारा संकेत चौसष्ट पट होतो, पाणी वाढतं आठच पट. चार टपोरे थेंब रडारला सहज फसवतात. शिवाय मुसळधार पावसातून खाली जाताना लहर स्वतःच क्षीण होते, म्हणजे गरज सर्वांत जास्त तिथेच रडार दमतं. मग समुद्रपृष्ठावरून परत येणारा संकेत किती घटला, ते पाहून भरपाई करावी लागते.

रेडिओमीटर काही सोडत नाही, खालून येणारं उत्सर्जन नुसतं टिपतो. कमी वारंवारतेला समुद्र त्याला थंड दिसतो आणि त्यावर पावसाचे थेंब उबदार उठून दिसतात. जमीन मुळातच उबदार, तिच्यावर हा हिशोब चालत नाही. तिथे ८५-८९ गिगाहर्ट्झला ढगातले बर्फकण खालची ऊब विखरून टाकतात आणि थंड डाग दिसतो. म्हणजे मोजायचं वर बर्फ आणि सांगायचा खाली पाऊस! ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. अशा वेळी वादळाचा अर्धा भाग एका हिशोबात असतो, अर्धा दुसऱ्या; मग पाऊस बदलला की मोजपट्टी, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. त्यात सह्याद्रीचा पाऊस पुष्कळदा बुटक्या, बर्फ नसलेल्या ढगांतून पडतो. तो रेडिओमीटरला निसटतो आणि डोंगराच्या परावर्तनात रडारलाही नीट सापडत नाही.

आता तुझी चूक. तू ठिपक्याला ठिपका लावलास. रडारचा ठिपका पाच किलोमीटरचा, ट्रिमच्या रेडिओमीटरचा १९ गिगाहर्ट्झचा साधारण तीस बाय अठराचा. त्यात भिंतीतला मुसळधार पाऊस आणि शेजारची उघडीप एकत्र मिसळतात, नि जोराचा पाऊस कमी भरतो. आधी रडारची तेवढ्याच क्षेत्रावर सरासरी काढ. दुसरं म्हणजे रेडिओमीटर तिरका पाहतो. दहा किलोमीटर उंचीवरचा बर्फ नकाशावर तितकाच, किंबहुना थोडा जास्तच, सरकलेला असतो.

मग रडारवरच का भागवत नाहीत? त्याचा पट्टा जेमतेम अडीचशे किलोमीटरचा, वादळाचा डोळा त्यात येईलच असं नाही. रेडिओमीटरचा पावणेनऊशेच्या आसपास. आणि जिथे दोघांचं पटलं म्हणून तू खूश झालीस, तिथे जरा जपून. रेडिओमीटरच्या आताच्या गणितामागचा नमुन्यांचा साठा बराचसा रडारच्याच नोंदींवर उभा आहे. शेजारच्याच्या वहीतून उत्तर उतरवलं की जुळणारच.

पर्जन्यमापकाकडे धावशील, तर तोही निवाडा देईलच असं नाही. वादळात आडवा पाऊस त्याच्या वीतभर तोंडात पुरता पडत नाही, आणि भर समुद्रात तो मांडणार कुठे?

पुढच्या वेळी समुद्र, जमीन आणि किनारपट्टी असे तीन तक्ते वेगळे कर. किनाऱ्याची पट्टी किती रुंद धरलीस तेही लिही, नाहीतर मी पुन्हा तेच विचारीन. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा