मासा, समुद्र आणि भरलेलं ताट

मोठ्या क्रूझ जहाजांवर बुफेच्या दाराशीच हात धुण्याची बेसिनं असतात. शेजारी उभा असलेला कर्मचारी येणाऱ्या प्रत्येकाला हसतमुखाने तिकडे वळवतो. कारण रोखठोक आहे. नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू बंदिस्त जागेत झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर बाटलीतल्या सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी जास्त चालतं. जहाजांच्या स्वच्छतेवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेत १९७५पासून एक सरकारी कार्यक्रमच चालू आहे. पतंजलींनी योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले, त्यांतला पहिला शौच आणि दुसरा संतोष. बेसिनपाशी पहिला पाळून होतो. दुसऱ्याची कसोटी चार पावलांवर, ताटांच्या थप्पीपाशी लागते.

इडली-सांबार, मेदूवडे, पोहे. पलीकडे कापलेली पपई, अननस, कलिंगड. त्याच्या पुढे पाव, केक आणि लोण्याने चकाकणारे क्रोसाँ, आणि कोपऱ्यात मागाल तसं ऑम्लेट करून देणारा आचारी. दारू आणि काही खास उपाहारगृहं सोडली तर जवळजवळ सगळं तिकिटात आलेलं असतं. मग मनात एक वाक्य हमखास येतं : पैसे वसूल झाले पाहिजेत. हे वाक्य चारचौघांत हसण्यावारी जातं, पण ते गंभीरपणे घ्यायला हवं. कारण तिसरा वडा खाल्ल्याने गेलेले पैसे परत येत नाहीत. तो वडा फक्त पोटात जातो.

घरी माणसाला आवरणाऱ्या गोष्टी बहुतेक बाहेरच्या असतात. डब्यातली शेवटची पोळी कुणासाठी तरी ठेवायची असते. दुसरी भाजी हवी तर कुणाला तरी ओट्याशी उभं राहावं लागतं. हॉटेलात पदार्थाच्या नावासमोर किंमत छापलेली असते, आणि कामाच्या दिवशी तर लोकलची वेळच ताटावरून उठवते. जहाजावर ही सगळी कुंपणं एकदम निघून जातात. उरतो तो आपला हात आणि त्यातला डाव. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे क्रूझ जाऊ लागल्या, तेव्हापासून मराठी घरांतही हा अनुभव पोचला आहे. तीन-चार दिवसांची ही सहल एक जुना प्रश्न नव्याने समोर ठेवते : जिथे कुणीच मोजत नाही, तिथे माणसाने का मोजावं आणि कशाने मोजावं?

जुन्या पंगतीत हे मोजणं पानातच मांडलेलं असे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. चटणीची जागा ठरलेली, म्हणून तिचं प्रमाणही ठरलेलं. बसल्या बसल्या घास घ्यायचा नाही. आधी पानाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला चित्राहुतीची भाताची चिमुकली शितं ठेवायची, मग पहिला घास. भूक आणि अन्न यांच्यामध्ये तेवढ्या अर्ध्या मिनिटाचा थांबा पडे. याच पंगतींनी जातीजातींना वेगळं बसवलं, हे मात्र विसरता येत नाही. त्या मानाने बुफेच्या रांगेत सगळे एकामागे एक उभे असतात, हे चांगलंच झालं. पण पंगतीला शेवट होता. मठ्ठा आला की जेवण संपत आलं हे पोराटोरांनाही कळे. बुफेत मठ्ठा येतच नाही.

सुट्टीवर आलेल्या माणसाला संयमाचे धडे देणं पुष्कळांना क्रूर वाटेल. आयुष्यभर काटकसर करून निवृत्तीनंतर पहिल्यांदा समुद्रावर आलेल्या जोडप्याला उकडलेल्या भाज्या खायला सांगायचं, याला धर्म म्हणत नाहीत. गीतेचंही तसं म्हणणं नाही. सहाव्या अध्यायात योग कुणाला साधत नाही ते सांगताना अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही एकाच ओळीत बसवलं आहे. ज्ञानदेवांनी १२९०च्या सुमारास नेवाशात यावर भाष्य करताना दोन्ही माणसं डोळ्यांसमोर उभी केली : एक जिभेच्या ताब्यात गेलेला, दुसरा हट्टाने भूक-तहान कोंडून धरणारा. सहलीच्या आधी आठवडाभर उपास करून ‘जागा करणारा’ आणि परतल्यावर स्वतःला शिक्षा करणारा प्रवासी या दुसऱ्या माणसाचाच भाऊ आहे.

गीतेने तिथे आहाराच्या जोडीला विहार ठेवला आहे. आपण बोटीतून फिरण्याला नौकाविहार म्हणतो, तोच हा शब्द. ज्ञानदेव त्याचा अर्थ मोजकी पावलं चालणं असा सांगतात आणि लगोलग वेळच्या वेळी झोपेलाही मान द्यायला सांगतात. जहाजावर या तिन्ही गोष्टींची गाठ पडते. रात्रीचा कार्यक्रम उशिरा संपतो, मग मध्यरात्रीचं खाणं, मग सकाळी जड डोकं आणि लिफ्टसमोरची रांग. विहार मात्र तिथे फुकट आणि मुबलक आहे. जेवणघर एका मजल्यावर, खोली दुसऱ्या, नाट्यगृह तिसऱ्या. जिने चढले-उतरले तरी दिवसाचा बराच व्यायाम होतो. (जहाज डुलत असेल तर कठडा धरूनच.) जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. जेवणानंतरची शतपावली डेकवर, वाऱ्याला तोंड देत, रोज पंचवीस मिनिटं केली तर सुट्टीतही हा हिशेब चुकत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर जलतरण तलावातल्या पाण्यात चालावं.

हे झालं शरीराचं. जिभेचं काय?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदू राजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. एकनाथांनी हा स्कंध मराठीत आणला आणि १५७३ साली काशीत ग्रंथ पुरा केला. त्या चोवीस गुरूंमध्ये मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाने तो जिवाला मुकतो, म्हणून गुरू. इथेच भागवत एक बारीक निरीक्षण नोंदवतं, आणि ते कुठल्याही आहारतज्ज्ञाने भिंतीवर लावण्याजोगं आहे : जेवण बंद केलं की बाकीची इंद्रियं मवाळ होतात, पण जीभ मात्र उलटी बळावते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही हाच धागा आहे. न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, त्यांची गोडी मात्र आत शिल्लक राहते. म्हणजे प्रश्न उपासाने सुटणारा नाही. बुफेसमोरून डोळे मिटून पळालं तर मागे तेच आमिष लोंबकळत राहतं.

जिभेच्या या स्वभावाची दुसरी बाजू प्रयोगशाळेतही दिसली आहे. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली केलेल्या अभ्यासात एकाच सारणाचं सँडविच मिळालेल्या लोकांपेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं मिळालेल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. एका चवीचा कंटाळा येतो, पण नवी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. जेवणानंतर ‘गोडाला वेगळा कप्पा असतो’ असं आपण म्हणतो, ते याचमुळे. बुफेची लांबी म्हणजे अशा पन्नास नव्या भुका. तिथे जास्त खाल्लं गेलं तर माणूस नालायक ठरत नाही. त्याची जीभ तशीच घडलेली आहे.

जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांची जी यादी आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहायला हवं. उपवासाच्या लगेच खाली त्यात भुकेपेक्षा थोडं कमी खाण्याचं तप येतं, त्यालाच ऊणोदरी म्हणतात. त्याच्या पाठोपाठ येतं काय आणि किती घ्यायचं याची मर्यादा आधीच बांधून घेणं. आजही अनेक जैन घरांत सकाळीच ठरवतात : आज इतकीच द्रव्यं. द्रव्य म्हणजे वेगवेगळा पदार्थ. हा नियम पोटभर जेवण अडवत नाही, फक्त चवींची संख्या अडवतो, आणि नेमकी तीच जागा बुफेत निसरडी असते. ताट न उचलता एकदा सगळा फेरा मारायचा, पाच पदार्थ ठरवायचे, मग ताट घ्यायचं. यापेक्षा चांगली युक्ती आधुनिक आहारशास्त्राकडे असली तर तीही याच जातीची असेल.

प्रमाणाचा मापदंड आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात दिला आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा. जड पदार्थ अर्ध्या तृप्तीवर थांबवावेत, हलके असले तरी गळ्यापर्यंत भरू नयेत. तो ग्रॅम सांगत नाही की वाट्या. मोजमाप जेवणाऱ्याच्या आतच आहे, आणि ते ऐकू यायला सावकाश खावं लागतं.

पण एकट्याला हे ऐकू येतंच असं नाही. बौद्धांच्या संयुत्त निकायात कोसल देशाच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. तो द्रोण या मोठ्या मापाचा भात जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावलं नाही. भान ठेवून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो आणि त्याचं आयुष्य जपलं जातं, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला शंभर कार्षापण नाण्यांवर नेमलं. हळूहळू राजा नाळी या लहान मापाच्या भातावर आला, अंगाने हलका झाला. जोडीने गेलेल्यांनी सुदस्सनाचं हे काम एकमेकांसाठी करावं. मात्र त्याने टोमणा मारला नव्हता, गाथा म्हटली होती. ‘अहो, उद्याही आहे हो हे’ एवढं पुरतं.

ताटात टाकलेल्या अन्नाचा प्रश्न याहून मोठा आहे. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, विशेष क्षेत्रं सोडली तर, बारीक दळलेला अन्नाचा कचरा जहाजाला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतो. न दळलेला १२ मैलांपलीकडे. म्हणजे चाखून बाजूला सारलेली बासुंदी-पुरी किंवा अर्धा क्रोसाँ दळणयंत्रातून जाऊन लाटेत मिसळू शकतो. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करण्याला व्रत म्हटलं आहे. आवडलं नाही म्हणून टाकणं ही निंदाच, आणि ती खाली भटारखान्यात राबणाऱ्यांपर्यंत पोचते. गोव्यातल्या कित्येक घरांतला कर्ता माणूस महिनोन्‌महिने अशाच बोटींवर काम करतो. त्याने रांधलेलं, त्याने वाढलेलं, त्यानेच खरवडून टाकायचं.

अवधूताच्या यादीत माशाच्या थोडं आधी समुद्र येतो. पावसाळ्यात शेकडो नद्या येऊन मिळाल्या तरी तो फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या तरी तो सुकत नाही, म्हणून तोही गुरू. रात्रीचं जेवण आटोपून डेकवर शतपावली घालणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही : काळं पाणी, जहाजाच्या उजेडात पांढरा होणारा फेस, आणि मागे जेवणघराच्या काचेआड अजून मांडून ठेवलेली गोडाची टेबलं.