उदरशूळाची कथा आणि आईचा घास



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. पारायण झाले की लक्षात राहतात त्या गाणगापूरच्या मोठ्या कथा. वांझ म्हैस दुभती झाली, वाळल्या लाकडाला पालवी फुटली, गेलेला पती उठून बसला. मी आज लिहिणार आहे तेराव्या अध्यायातल्या उदरशूळाच्या ब्राह्मणाविषयी. ही कथा आपण वाचतो आणि पुढे जातो. आमच्या घराला मात्र एका वर्षी तिच्यापाशी थांबावे लागले.

कथा थोडक्यात अशी. श्रीनृसिंहसरस्वती महाराज गोदातीरी वासर-ब्रह्मेश्वर येथे असताना एक ब्राह्मण जीव द्यायला नदीवर आला. पोटशूळ इतका की अन्न पोटात गेले की प्राण कासावीस व्हायचे. पंधरवड्याने, महिन्याने कधीतरी तो जेवायचा. महाराजांनी त्याला शिष्यांकरवी परत आणवले. तेवढ्यात तिथे सायंदेव आले. कडगंचीचे, यवनाच्या पदरी चाकरीला असलेले. महाराजांनी त्यांना सांगितले, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. तेही पथ्याचे नव्हे, पक्वान्ने आणि उडदाचे पदार्थ! सायंदेव घाबरले. जेवला आणि मेला तर ब्रह्महत्या आपल्या माथी. महाराज म्हणाले, चिंता नको, हेच त्याचे औषध आहे. मग सायंदेवांनी महाराजांनाच शिष्यांसह भिक्षेला बोलावले, सर्वांबरोबर तो ब्राह्मणही जेवला आणि त्याची व्यथा गेली.

आता विचार करा. महाराजांनी मनात आणले असते तर नुसत्या कृपादृष्टीने त्याला तिथल्या तिथे बरे केले असते. तसे दाखले याच ग्रंथात आहेत. इथे मात्र त्यांनी रोगी एका गृहस्थाच्या, त्यातही नोकरदाराच्या हवाली केला. मी छत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे सायंदेवांची भीती मला फार जवळची वाटते. काम करायला आपली ना नसते हो, पण उद्या काही झाले तर सही कुणाची?

२०१७ च्या श्रावणात आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. वय ७९. सकाळी तुळशीला पाणी घालताना उजवा पाय लटपटला, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. शेजाऱ्यांच्या गाडीने तासाभरात मिरजेला नेले. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होती. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळलाय, पण गिळण्याची क्रिया गेली आहे. अन्ननलिकेत जायचे ते श्वासनलिकेत जाईल, फुप्फुसात उतरेल आणि न्यूमोनिया होईल. म्हणून नाकातून नळी. आणि सगळ्यांत धोक्याचे काय, तर साधे पाणी! पातळ पदार्थ झटकन घसरतो, त्याला आवरायला घशाला वेळच मिळत नाही. आम्हाला हे नवीन होते. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की आधी चमच्याने पाणी पाजतात.

दुसऱ्याच दिवशी आत्या नरसोबाच्या वाडीहून तीर्थ घेऊन आल्या. श्रद्धेने आणलेले, कृष्णेचे पाणी, पादुकांवरचे. नर्स नको म्हणाली. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तीर्थाला नाही म्हणायचे का? सौ.ने पुढे होऊन पळी हातात घेतली, दोन बोटे भिजवली आणि आईच्या डोळ्यांना, कपाळाला लावली. म्हणाली, "आत्या, महाराजांना ठाऊक आहे आईंना गिळता येत नाही." माझ्या मते त्या दिवशीची ती सर्वांत मोठी पूजा होती. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मुद्दाम सांगतो, तीर्थाचासुद्धा थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

कुणी नवस बोलायला सांगितले. नवसाला मी नावे ठेवत नाही, माझ्या आजीने कितीतरी फेडले. पण मला ते कर्जप्रकरणासारखे वाटते. मंजुरी आली की हप्ता भरायचा, आणि नामंजूर झाले तर? आम्ही रात्री उशाशी बसून एवढेच म्हणत होतो, महाराज, सेवेला हात चालू ठेवा.

शेजारच्या खाटेवर सीमेपलीकडच्या गावचे एक आजोबा होते. त्यांनाही हाच आजार. त्यांचा मुलगा गळ्यात दत्ताचा ताईत घालून रोज पहाटे नामस्मरण करायचा, माझ्यापेक्षा नेमाने. अकराव्या दिवशी आजोबा न्यूमोनियाने गेले. जाताना तो पोरगा आईच्या पाया पडला आणि पाठीमागे लावायची कापसाची जाड उशी आमच्या खाटेवर ठेवून म्हणाला, "काका, आजींना ताठ बसवायला लागंल."

त्या रात्री धाकट्या भावाने विचारले, "दादा, देवाने आपलं ऐकलं म्हणतोस, मग त्यांचं का नाही ऐकलं?" मी त्याला सांगितले, "आपलं ऐकलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं, तर त्या पोराची भक्ती कमी पडली असा अर्थ होतो. ते बोलायला माझी जीभ रेटत नाही." प्रारब्ध वगैरे शब्द आपल्याकडे आहेत, स्वतःच्या दुःखासाठी ते जरूर वापरावेत. दुसऱ्याच्या दुःखाला लावू नयेत असे माझे मत आहे.

पुढे गिळण्याचा व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. माझ्या नातीच्या वयाची असेल. पेशंटला ताठ बसवायचे, हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा घट्टसर अन्न, घसा वर-खाली हललेला दिसला की मगच दुसरा चमचा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. एक दिवस ती म्हणाली, आता घरच्यांनी भरवायला सुरुवात करा. कुस्करलेले केळे होते. सौ.ने चमचा उचलला आणि तसाच धरून राहिली. "माझ्या हातनं काही झालं तर?"

मला तेरावा अध्याय आठवला. सायंदेवांचे हेच शब्द, शेकडो वर्षांपूर्वीचे. मी तिला ते सांगितले. ती हसली नाही, पण चमचा पुढे गेला. आईने गिळायला किती वेळ घेतला ते मोजले नाही. घसा हलला एवढे पाहिले. तेव्हापासून एकेका जेवणाला पाऊण तास, दिवसातून चार वेळा. नाचणीची घट्ट पेज, मऊ खिमट, केळे. भावजय सकाळी, सौ. दुपारी, मी आणि भाऊ रात्री. त्या वर्षी आमच्याकडे सप्ताह बसला नाही. नळी निघाली ती गुरुद्वादशीच्या आसपास.

वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मनात हिशेब आलाच. ही रक्कम जमा कुणाच्या खाती करायची? गोळ्यांच्या, डॉक्टरांच्या, त्या व्यायामवाल्या मुलीच्या, सौ.च्या, की महाराजांच्या? बँकेत ज्या नोंदीचे खाते सापडत नाही ती सस्पेन्समध्ये टाकतात आणि वरिष्ठ मागे लागतात, निस्तरा म्हणून. ही नोंद मी तशीच ठेवली आहे. सायंदेवांच्या घरी तरी ब्राह्मण कशाने बरा झाला? आज्ञा महाराजांची, धान्य सायंदेवांचे, आणि चुलीपाशी घाम गाळणारी त्यांची गृहिणी. यातले वेगळे काय काढणार?

आई पुढे दोन वर्षे होती. उजवा हात शेवटपर्यंत आला नाही. आरतीला ती डावा हात कपाळाशी न्यायची आणि सुनेकडे बघायची.

ती उशी घरात ठेवून काय करायची? आई गेल्यावर ती सौ.च्या मावशींकडे गेली, मग आमच्या बँकेतल्या एका शिपायाच्या वडिलांकडे. सध्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांच्या घरी आहे. खोळ दोनदा बदलली, आतला कापूस तोच आहे.