नळाच्या मागची नदी

सॉफ्टवेअरमध्ये ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्शन’ नावाची एक सोय असते. बटण दाबायचं, आत काय चाललंय ते बघायची गरज नाही. शहरही तसंच चालतं. पुण्यात नळ सोडला की पाणी येतं. ते पानशेत, वरसगाव, टेमघरमधून खडकवासल्यात आणि तिथून आपल्या बादलीत येतं, हे ठाऊक नसलं तरी अंघोळ अडत नाही.

आपण निसर्गापासून तुटलोय म्हणतो, पण रविवारी ट्रेकला जातो, झाडं-धबधबे बघतो, फोटो काढतो. तुटलंय ते देण्याघेण्याचं नातं. बेसिनमधून गेलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि उजनीत साठतं. तेच सोलापूर पितं. पुढे पंढरपुरात याच भीमेला आपण चंद्रभागा म्हणून हात जोडतो.

दिसत नाही त्याची जबाबदारीही वाटत नाही. म्हणून डोंगरावर जाण्याआधी आपल्या नळाचा माग काढावा. पाणी कुठून येतं, कुठे जातं, पुढे कोण पितं? आपल्या प्रभागातलं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं का, हे नगरसेवकाला विचारावं. नदीशी ओळख अशा चौकशीतूनही होते.