तिथी असलेला अतिथी

२०२४ च्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा बॉनला आले. पहिला आठवडा ऱ्हाईन नदी, बीथोव्हनचं घर आणि माझी प्रयोगशाळा बघण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात बाबा खिडकीपाशी बसून म्हणाले, "सगळा बरा आसा गो, पण दर्यो खंय दिसत नाय." वेंगुर्ल्यात जन्म गेलेला माणूस. त्यांना दोष कसा देणार?

सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा दोन बेटांची नावं पुढे आली. एकानं उत्तर समुद्रातलं स्युल्ट सुचवलं: जर्मनीतलंच, श्रीमंतांचं आवडतं, १९२७ पासून रेल्वेच्या बांधानं मुख्य भूमीशी जोडलेलं. दुसरा म्हणाला, मायोर्काला जा. स्पेनच्या या बेटाला जर्मन लोक लाडानं 'माले' म्हणतात. जर्मनीची राज्यं सोळा, आणि मायोर्का हे सतरावं, हा इथला जुना विनोद.

मी दोन्हीकडच्या तिकिटांचे दर बघत होते, तेवढ्यात २३ मे रोजी स्युल्टवरचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरू लागला. काम्पेन गावातल्या एका क्लबमध्ये, हातात महागडे पेले घेतलेली तरुण मंडळी एका जुन्या डान्स गाण्याच्या चालीवर हसत हसत म्हणत होती, 'जर्मनी जर्मनांची, परदेशी लोक बाहेर.' मी तो मोबाइल आई-बाबांसमोरून उचलून दुसऱ्या खोलीत नेला. स्युल्टवर फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाल्माची तीन तिकिटं काढली. स्युल्टच्या रेल्वेपेक्षा ती स्वस्तही पडली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बातमी वाचली. शनिवारी, २५ मे रोजी, पाल्माच्या रस्त्यांवर सुमारे दहा हजार लोक उतरले होते. घोषणा होती, 'मायोर्का विकायला काढलेली नाही.' घरभाडं परवडत नाही, गाव आपलं राहिलं नाही, पर्यटकांना आवरा, असं ते म्हणत होते.

एका बेटावर मी 'परदेशी' म्हणून नको होते, म्हणून दुसरं निवडलं. तर तिथे 'पर्यटक' म्हणून जड झाले होते. पहिल्या घोषणेचा मला मनापासून राग आला होता. दुसरीबद्दल मनापासून सहानुभूती वाटली. मग प्रश्न पडला, हा फरक खरा आहे की माझ्या सोयीचा? 'आमच्याकडे येऊ नका' हे वाक्य एका तोंडी अन्याय आणि दुसऱ्या तोंडी न्याय कसं होतं?

आम्ही जूनमध्ये गेलो. पाल्माचा विमानतळ, सोन सांत जोआन, शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. मूळचा लष्करी तळ. १९६० च्या जुलैत तो देशी-विदेशी नागरी वाहतुकीला रीतसर खुला झाला, आणि बेटाचं नशीब पालटलं. २०२४ या वर्षात तिथून ३ कोटी ३३ लाख प्रवाशांनी ये-जा केली. येणारा आणि जाणारा वेगळा मोजतात, म्हणून निम्मे धरले तरी दीड कोटीच्या वर माणसं उतरली. बेटावर राहणारे साधारण साडेनऊ लाख. क्षेत्रफळ ३,६४० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या गोव्याएवढंच. गोव्यात वर्षाला पर्यटक येतात एक कोटीच्या घरात, आणि तेवढ्यानंच गोंयकार हैराण आहे.

सामानाच्या पट्ट्याशी उभं राहिलं की हे आकडे समजतात. दर काही मिनिटांनी एक विमान उतरत होतं आणि फलकावर जर्मन शहरांची नावं सरकत होती: ड्युसेलडॉर्फ, कोलोन-बॉन, हँबर्ग, म्युनिक. बाबा म्हणाले, "हे काय, आपण जर्मनीतच उतरलो की काय?"

दुसऱ्या दिवशी सांता कातालिना या भागात फिरत होतो. एकेकाळची कोळ्यांची वस्ती, आता कॅफे आणि घरांच्या दलालांच्या कचेऱ्या. एका भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'टूरिस्ट, गो होम.' इथली भाषा कातालान, पण हे वाक्य इंग्रजीत. कारण ते वाचायचं होतं आम्ही.

आईनं ते सावकाश वाचलं. "हे आपल्यालाच ना गं?"

"नाही गं, ते दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना आहे."

"तसं लिहिलंय कुठे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाबा मात्र थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या मालवणात काय वेगळं असतं? सुरमई आपल्यालाच परवडत नाही. फक्त आपण भिंतीवर लिहीत नाही.

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही, मातीतल्या ओलाव्यावर काम करते. पण ते वर्ष कांटच्या जन्माचं तीनशेवं होतं आणि बॉनमध्ये त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते बघून मी त्याची 'शाश्वत शांतते'वरची १७९५ सालची छोटी पुस्तिका वाचली होती. आयुष्यभर क्योनिग्सबर्गच्या आसपास राहिलेल्या या माणसानं प्रवाशाच्या हक्काबद्दल जे लिहिलं, ते मला त्या भिंतीसमोर आठवलं.

कांट दोन हक्कांत भेद करतो. एक भेटीचा हक्क: परक्या भूमीवर पाऊल ठेवलं म्हणून कुणी शत्रूसारखं वागवू नये, एवढाच. तो प्रत्येक माणसाला आहे, कारण पृथ्वी गोल आहे. माणसं तिच्यावर अमर्याद पांगू शकत नाहीत, शेवटी एकमेकांच्या शेजारी येणारच, आणि मुळात कुठल्याही जागेवर कुणाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नाही. दुसरा, पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क. तो आपोआप मिळत नाही, त्याला यजमानाशी वेगळा करार लागतो. आणि एक अट अशी, की आलेल्याला परत पाठवता येतं, पण परत पाठवण्यानं त्याचा नाश होणार नसेल तरच.

शेवटच्या अटीनं माझा गुंता बराच सुटला. आम्हा तिघांना कुणी पाल्माहून परत पाठवलं असतं तर आमचं काय गेलं असतं? तीन तिकिटं आणि बाबांचा समुद्र. 'घरी जा' म्हटलं तेव्हा आम्हाला जायला घर होतं. स्युल्टवरची घोषणा ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या कित्येकांचं घर हेच आहे. त्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत, काहींची हयात इथल्या कारखान्यांत गेली आहे, काही जण परत गेले तर जिवंत राहणार नाहीत. शिवाय म्हणणारा कोण, हेही बघावं लागतं. पाल्मात घरभाड्यानं पिचलेली माणसं बोलत होती. काम्पेनमध्ये ज्यांना कुठल्याच भाड्याची काळजी नाही अशी.

पण इथे थांबले तर मी स्वतःला फारच स्वस्तात सोडलं असं होईल. भिंतीवरचं वाक्य कागदपत्रं तपासून लागत नाही. पाल्मात आमच्या हॉटेलातल्या खोल्या आवरणारी बाई कोलंबियाची होती. तीही त्याच विमानतळावरून आली असणार. मोसमात अशी कामगार माणसं भाडं परवडत नाही म्हणून कॅराव्हॅनमध्ये राहतात, याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पर्यटकांवरचा राग कधी घसरून तिच्यावर जाईल, याचा नेम नाही. म्हणून मला मोर्च्यातली घोषणा भिंतीवरच्या वाक्यापेक्षा अधिक नेमकी वाटते. 'विकायला काढलेली नाही' हे येणाऱ्याला उद्देशून नाही, विकणाऱ्याला आहे.

कांटला एक गोष्ट मात्र दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर दारात आलेला एक परका आहे, फार तर एक जहाज. जहाजांनी भेटीच्या नावाखाली काय केलं, हे त्याला ठाऊक होतं. व्यापाराच्या ठाण्यांच्या मिषानं हिंदुस्थानात सैन्य आणलं, याबद्दल त्यानं युरोपीयांना त्याच पुस्तिकेत खडसावलं आहे. पण स्वतःचं ओळखपत्र आणि परतीचं तिकीट घेऊन, कुणावरही जुलूम न करता, दीड कोटी सभ्य माणसं उतरतील, ही कल्पना त्याच्याजवळ नव्हती.

कोकणात दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. तांब्याला नाही म्हणणारं घर मी पाहिलेलं नाही. पण त्याच विहिरीवर कुणी पंप बसवून टँकर भरू लागला, तर आपण त्याला 'अतिथी देवो भव' ऐकवत नाही. विहिरीचा हिशेब माझ्या धंद्यातला आहे: पाझर किती आणि उपसा किती. प्रत्येक तांब्या निरुपद्रवी असतो, तरी विहीर आटते. 'माझ्या एका तिकिटानं काय फरक पडतो' हे म्हणणं म्हणूनच खरंही आहे आणि निरुपयोगीही.

मग उपसा कुणी ठरवायचा? मला वाटतं, खरी मेख इथे आहे. यजमानपणाचा अर्थ दार उघडं ठेवणं एवढाच नाही. दार बंद करता येत असताना ते उघडं ठेवणं, हा आहे. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो यजमान राहत नाही, तो नुसता जागा होतो. पाल्माचा विमानतळ आएना ही कंपनी चालवते. तिच्यात बहुसंख्य वाटा स्पेनच्या केंद्र सरकारचा आहे आणि तिचं मुख्यालय माद्रिदला. त्या कारभारात आपल्याला वाटा हवा, ही बालेआरिक बेटांची जुनी मागणी आहे. २०१६ पासून ही बेटं पाहुण्याकडून रात्रीमागे कर घेतात. म्हणजे आलेल्याकडून पैसे घेता येतात, पण किती जणांनी यावं हे दारातच ठरवणं त्यांच्या एकट्यांच्या हातात नाही. घर त्यांचं, आणि दाराची किल्ली माद्रिदला.

हे वाचून बांद्याचा मामा आठवला. बांद्यापासून मोपाचं पठार जवळच. तिथल्या विमानतळाची पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये स्थगित केली होती, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. मामा त्या विमानतळावर खूश आहे, कारण मी आता बॉनहून निघून दुसऱ्या दिवशी त्याच्या ओटीवर पोहोचू शकते. आणि नाखूशही आहे, कारण आठवड्याला एक तरी अनोळखी फोन येतो, 'काका, जमीन विकायची आहे का?' तो अजून 'नाही' म्हणतो. शेजारच्या दोघांनी 'हो' म्हटलं. त्यांना मी नावं ठेवू शकत नाही. त्यांच्या मुलांची शिक्षणं त्यातून झाली. पण आजूबाजूचे सगळे 'हो' म्हणत गेले की एकट्या मामाच्या 'नाही'ला किती दिवस अर्थ उरेल?

आता माझ्याबद्दल. पर्यटक मी आठवडाभर होते, परदेशी रोजच असते. आई-बाबांना इथे आणायला मी हमीपत्रावर सही केली, विमा काढला, त्यांची बँकेची खाती आणि परतीची तिकिटं दाखवली. शेजारचे जर्मन आजोबा मात्र खिशातलं ओळखपत्र दाखवून पाल्माला जातात. माझी इथली जागा भेटीच्या हक्काची नाही, कराराची आहे. इथल्या नियमानं डॉक्टरेटनंतर मुदतीच्या नेमणुकांवर साधारण सहा वर्षं काढता येतात, आणि माझ्या सध्याच्या कराराच्या शेवटच्या पानावर तारीख आहे. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असं शाळेत शिकलो. आम्ही सगळे तिथी असलेले अतिथी. पाल्माच्या पाहुण्याची परतीची तारीख तो स्वतः निवडतो. माझी दुसरं कुणी तरी लिहितं.

म्हणूनच बहुधा मला दोन्ही बाजूंचा तोंडवळा ओळखता येतो. येणारा दुबळा असेल तर दार उघडं असावं, यासाठी मी भांडेन. त्यात माझा स्वार्थ आहे हे कबूल करून. आणि येणारा सबळ असेल, तर यजमानाला 'आता पुरे' म्हणता यावं, यासाठीही भांडायला हवं. तो सबळ मी स्वतः असले तरी. एक बाजू मनापासून धरायची तर दुसरी सोडता येत नाही, असं आता वाटतं.

यंदा आई-बाबा पुन्हा आले. या वेळी मी त्यांना रेल्वेनं डच किनाऱ्यावर नेलं. बाबांनी पँट दुमडून पाण्यात पाय घातले आणि लगेच बाहेर काढले. "गार आसा." मग पुन्हा घातले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पाल्माच्या विमानातली आमची ती तीन आसनं रिकामी गेली नसणार, हे मला ठाऊक आहे. इथेही किनाऱ्यालगत एक गाव होतं, भाड्याच्या घरांच्या पाट्या होत्या. आईनं वाटेतल्या भिंती वाचायला सुरुवात केली होती. या खेपेला तिला काही सापडलं नाही. "बहुतेक मनात असेल," ती म्हणाली.